बाबांना भाकरी कधी खाता येईल? अन्ननलिकेच्या कॅन्सरचं दुर्बिणीतून ऑपरेशन आणि त्यानंतरचे महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६२ वर्षांचे, शेतकरी, चाळीस वर्षं तंबाखू-चुना. दोन-तीन महिने घास अडकत होता, आता फक्त पातळ उतरतं. वजन ९ किलो घटलंय. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ दिसली, बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर) आला. पेट स्कॅनमध्ये (अंगभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) इतरत्र काही नाही. डॉक्टर म्हणतात आधी केमो आणि शेक (रेडिएशन), मग दुर्बिणीतून ऑपरेशन. मुलाने विचारलंय, "काकांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, दुसऱ्या दिवशी घरी आले. बाबांचंही तसंच ना? शेकानंतर गाठ गेली तर ऑपरेशन टळेल का? आणि बाबांचा स्वतःचा एकच प्रश्न आहे, भाकरी खाता येईल का?"

पित्ताशयाची तुलना आधी डोक्यातून काढा. पित्ताशय ही यकृताखाली लोंबणारी पिशवी. ती काढली की काम संपलं, तिच्या जागी काही बसवावं लागत नाही. अन्ननलिका म्हणजे सुमारे २५ सेंटीमीटरची नळी. ती गळ्यातून निघते, छातीत श्वासनलिका आणि हृदयाच्या मागून, मणक्यांच्या पुढून उतरते आणि छाती-पोटामधल्या पडद्यातल्या भोकातून जठराला मिळते. आतड्यावर असतं तसं बाहेरचं आवरण तिला नाही, म्हणून गाठ शेजारच्या अवयवांत लवकर घुसते. ती काढायची तर मान, छाती आणि पोट, तिन्ही ठिकाणी काम करावं लागतं, आणि काढल्यावर घास खाली जायला नवी वाट बांधून द्यावी लागते. दुर्बिणीमुळे कातडीवरची जखम लहान होते, आतलं काम तेवढंच राहतं. आम्हाला सहा ते आठ तास लागतात. "दुर्बिणीचं आहे, किरकोळ असेल" असं म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि मग तिसऱ्या दिवशी आयसीयूच्या दारात हबकतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्याच भेटीत मी कागदावर चित्र काढून दाखवतो.

ही नवी वाट कशाची, हा प्रश्न फार जुना आहे. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रांझ टोरेक या सर्जनने एका बाईंच्या छातीतली कॅन्सर झालेली अन्ननलिका काढली. काढली खरी, पण जोडायचं काय? त्याने मानेला एक तोंड ठेवलं, पोटाला दुसरं, आणि मधे बाहेरून रबरी नळी. बाई जेवताना ती नळी लावत, आणि तशा त्या पुढे बारा-तेरा वर्षं जगल्या. आज आपण जठराचीच लांबट नळी शिवून ती छातीतून वर मानेपर्यंत नेतो. म्हणजे बाबांचं पोट, शब्दशः, छातीत जाणार आहे. ऑपरेशननंतर जे जे बदलतं, ते बहुतेक सगळं या एका गोष्टीतून येतं.

आता ऑपरेशनच्या आधीचे महिने. मी यावर जास्त लिहितोय, कारण इथे घरच्यांच्या हातात बरंच असतं.

आधी केमो-शेक कशासाठी? नेदरलँड्समधल्या क्रॉस नावाच्या चाचणीत ३६६ रुग्ण होते. निम्म्यांचं थेट ऑपरेशन झालं. उरलेल्यांना आधी पाच आठवडे आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं, सोबत शेकाच्या २३ बैठका, आणि मग ऑपरेशन. थेट ऑपरेशनच्या गटात निम्मे रुग्ण २४ महिन्यांच्या पुढे जगले, दुसऱ्या गटात ही मुदत ४९ महिन्यांवर गेली. एवढा फरक आमच्या विषयात क्वचित दिसतो. बाबांचा जो प्रकार आहे त्यात शेकाचा असर आणखी चांगला होतो. (गाठ अगदी खालच्या टोकाला आणि अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) असती तर हल्ली शेकाऐवजी चार औषधांच्या केमोकडे कल आहे. इंटरनेटवर वाचून गोंधळू नका, तो दुसरा आजार समजा.)

शेक संपल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे, कधी थोडे जास्त थांबून ऑपरेशन करतात. या काळात वजन घसरू द्यायचं नाही. ९ किलो आधीच गेलेत. पातळसुद्धा पुरेसं जात नसेल तर नाकातून बारीक नळी टाकून घ्या, लाजू नका. त्या नळीतून दूध, अंडं, गाळलेली नाचणीची पेज, डाळीचं पाणी, प्रोटीन पावडर, सगळं जातं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: पोटाच्या कातडीतून थेट जठरात नळी बसवायचा सल्ला कुणी दिला, तर ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. त्याच जठराची आम्हाला नळी करायची असते. माझ्याकडे एक गृहस्थ अशी नळी दुसरीकडे बसवून आले होते. बसवताना जठराच्या कडेची रक्तवाहिनी दुखावली होती, जठर वापरता आलं नाही, मोठ्या आतड्याचा तुकडा वर न्यावा लागला. ऑपरेशन दुप्पट मोठं झालं. ऑपरेशन ठरलेलं असताना घास उतरावा म्हणून अन्ननलिकेत धातूची जाळी बसवणंही शक्यतो टाळावं.

तंबाखू आजच बंद. ऑपरेशनच्या आठवड्यात नाही, आज. ओढत असतील तर तेही. फुप्फुसांना सावरायला किमान चार आठवडे लागतात. तीन चेंडू वर उचलायचं ते श्वासाचं यंत्र आताच घेऊन या आणि दिवसातून पाच-सहा वेळा ओढायला लावा. ऑपरेशननंतर भूल आणि दुखण्याच्या धुंदीत नवीन काही शिकता येत नाही. रोज चालणं, शेताच्या बांधावरून का होईना, दम लागेपर्यंत. आणि दात दाखवून घ्या. तंबाखूने किडलेले, हलणारे दात असतील तर त्यातले जंतू ऑपरेशननंतर लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. ही साधी गोष्ट हमखास राहून जाते.

गाठ मधल्या भागात आहे म्हणजे ती श्वासनलिकेला अगदी खेटून असू शकते. ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहणं, झालीय का ते विचारा. गाठ आत शिरलेली असेल तर ऑपरेशनचा बेतच बदलतो.

तुमचा दुसरा प्रश्न: शेकानंतर गाठ दिसेनाशी झाली तर? प्रश्न रास्त आहे. क्रॉस चाचणीत स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांची काढलेली अन्ननलिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा ४९ टक्क्यांत जिवंत कॅन्सर पेशी सापडलीच नाही. मग त्या निम्म्यांनी एवढं मोठं ऑपरेशन का सोसायचं? अडचण अशी की ऑपरेशनच्या आधी हे खात्रीने कळत नाही. एंडोस्कोपीत स्वच्छ दिसणाऱ्या भिंतीच्या आत पेशी लपून राहतात. नेदरलँड्समध्येच सानो नावाची चाचणी झाली. शेकानंतर गाठ गेलेल्यांपैकी काहींचं ऑपरेशन न करता त्यांच्यावर नजर ठेवली. दोन वर्षांनंतर जगण्यात त्यांची बाजू कमी पडली नाही. पण जवळपास निम्म्यांमध्ये गाठ परत आली, आणि ती वेळीच सापडली कारण ठरलेल्या तारखांना एंडोस्कोपी, खोलवर बायोप्सी, पेट स्कॅन होत राहिलं. माझं मत विचाराल तर: ज्या घरात प्रत्येक तारीख पाळली जाईल, खर्चाची सोय असेल आणि केंद्र अनुभवी असेल, तिथे हा पर्याय बोलण्याजोगा आहे. "बरं वाटतंय" म्हणून पेरणीच्या दिवसांत तपासणी चुकणार असेल तर नाही. परत आलेली गाठ उशिरा कळली तर ऑपरेशन जास्त अवघड होतं, कधी करताच येत नाही. बाबा कोणत्या स्वभावाचे आहेत हे तुम्हालाच माहीत. आणि प्रकृती मोठं ऑपरेशन झेपण्यासारखी नसेल तर केमो-शेकावरच भर देणं हाही मान्य उपचार आहे, त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

ऑपरेशन प्रत्यक्षात असं होतं. मधल्या गाठीसाठी बहुतेक जण तीन टप्प्यांची पद्धत घेतात. पहिला टप्पा उजव्या छातीतून. चार-पाच छोटी भोकं, सर्वांत मोठं बोटभर रुंद. रुग्णाला पालथं झोपवलं की फुप्फुस आणि हृदय आपसूक पुढे सरकतात आणि अन्ननलिका समोर मोकळी दिसते. पालथं झोपवून करायच्या या पद्धतीला जगभर नाव मिळवून देण्यात कोइंबतूरच्या डॉ. सी. पलानीवेलू यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी २००६ साली अशा १३० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. इथे अन्ननलिका आणि तिच्याभोवतीच्या लसीका गाठी (लिम्फ नोड, कॅन्सर जिथे आधी पसरतो त्या छोट्या ग्रंथी) सोडवून घेतात. किमान पंधरा गाठी तपासायला गेल्या पाहिजेत असा संकेत आहे. दुसरा टप्पा उताणं झोपवून पोटात: जठर सोडवायचं, एक मुख्य रक्तवाहिनी बांधायची, दुसरी जिवापाड जपायची, आणि स्टेपलरने चार-पाच सेंटीमीटर रुंदीची नळी तयार करायची. तिसरा टप्पा मानेच्या डाव्या बाजूला चार-पाच सेंटीमीटरचा छेद. अन्ननलिका बाहेर येते, जठराची नळी वर येते आणि तिथे जोड घातला जातो. सोबत लहान आतड्यात जेवणासाठी एक बारीक नळी ठेवतात, ती पोटाच्या कातडीतून बाहेर दिसते.

जोडाबद्दल एक गोष्ट समजून घ्या. नळीला रक्त खालून येतं आणि जोड असतो सगळ्यात वरच्या टोकाला, जिथे ते सर्वांत कमी पोचतं. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळतं तसं. म्हणून कितीही नीट शिवलं तरी दहातल्या एखाद्या रुग्णाचा जोड थोडा गळतोच. मानेतला जोड गळला तर टाके उघडून घाण बाहेर काढता येते, तोंडाने खाणं लांबतं, आतड्यातल्या नळीवर दोन-तीन आठवडे काढावे लागतात आणि बहुतेक वेळा जखम आपली आपण भरते. काही पद्धतींत जोड छातीत घालतात, तो गळणं जास्त जिवावरचं असतं.

मग दुर्बिणीने मिळवलं काय? फुप्फुसं वाचवली. छाती उघडून ऑपरेशन करताना बरगड्या फाकवाव्या लागतात. त्यानंतर खोकायचं म्हटलं तरी ब्रह्मांड आठवतं, रुग्ण खोकत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या टाइम चाचणीत ११५ रुग्ण होते. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या ऑपरेशनात २९ टक्के आणि दुर्बिणीत ९ टक्के. कॅन्सर बरा होण्यात मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणजे दुर्बिणीने आजार जास्त बरा होत नाही, माणूस कमी पिचतो. रोबोटबद्दल लोक फार विचारतात. हातात असेल तर चांगलं अवजार आहे, पण त्यासाठी शेत गहाण टाकू नका. त्यापेक्षा विचारा की या हॉस्पिटलमध्ये वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात. नेदरलँड्सने २०११ पासून वर्षाला किमान २० हा नियमच केला. हे विचारलं म्हणून रागावणाऱ्या सर्जनकडे मी माझ्या वडिलांना नेणार नाही. मोठ्या, सरावाच्या केंद्रांत या ऑपरेशनमधले मृत्यू शंभरात दोन ते चारच्या घरात असतात. क्वचित करणाऱ्या ठिकाणी याच्या कितीतरी पट.

हॉस्पिटलमधले दिवस. पहिला-दुसरा दिवस आयसीयूत, अंगाला पाच-सहा नळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही खुर्चीत बसवतो आणि चालवतो. घरचे आमच्यावर चिडतात, चिडू द्या. आतड्यातल्या नळीतून हळूहळू आहार सुरू होतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, औषधाने ताळ्यावर येतात. पण कधीकधी ती गळतीची पहिली खूण असते, म्हणून आम्ही सावध होतो. आवाज बसला तर घाबरू नका. स्वरयंत्राची नस अन्ननलिकेला चिकटून जाते, तिला धक्का लागतो, बऱ्याच जणांचा आवाज काही आठवड्यांत परततो. पण तोवर पाणी पिताना ठसका लागतोय का ते पाहा आणि लगेच सांगा. छातीच्या नळीतून दुधासारखं पाणी येऊ लागलं तर तेही सांगा. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास तोंडाने घोट सुरू होतात. सगळं सुरळीत गेलं तर आठ ते बारा दिवसांत घरी. तीन आठवडे लागले तरी काही बिघडलंच असं समजू नका.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं आणि ते स्वयंपाकघरातल्या माणसाच्या अंगावर पडतं. आतड्यातली नळी चार-सहा आठवडे राहील; प्रत्येक वेळी आहारानंतर कोमट पाण्याने धुवा, नाहीतर तुंबते. तोंडाने आधी पातळ: ताक, पेज, वरणाचं पाणी. मग मऊ: गुरगुट्या भात, रव्याची लापशी, उकडलेलं अंडं, कुस्करलेलं केळं, मऊ शिजवलेले मासे. दिवसातून सात-आठ वेळा, एका वेळी वाटीभर. पोट आता पिशवी राहिलं नाही, नळी झालंय. दोन वाट्या एकदम टाकल्या की छातीत दाटतं. पाणी जेवणासोबत नको, अर्धा तास मागेपुढे. भूक लागेलच याची वाट पाहू नका, कारण भुकेची जाणीव महिनोन्महिने येत नाही. घड्याळ लावून खायचं.

गोड खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब असं झालं तर तो डंपिंगचा त्रास. साखर झपकन आतड्यात उतरल्यामुळे होतो. शिरा, सरबत, जिलबी बाजूला ठेवा, प्रत्येक खाण्यात थोडं प्रोटीन आणि तूप घ्या. दोन तासांनी हातपाय गळून अंधारी आली तर रक्तातली साखर उतरलेली असते.

झोपायच्या किमान दोन-तीन तास आधी खाणं बंद. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा लावा. हे कायमचं. जठर आणि अन्ननलिकेमधली झडप आता नाही. सपाट झोपलं की पित्त सरळ घशात येतं आणि झोपेत फुप्फुसात जातं. शेतात वाकून काम करतानाही हाच त्रास होतो, वाकण्याऐवजी गुडघ्यात बसायची सवय लावा. पहिले दोन महिने पाच किलोपेक्षा जास्त उचलू नये. चारचौघांसारखं हिंडणं-फिरणं दोन-तीन महिन्यांत होतं, शेतीच्या जड कामाला सहा महिने धरून चाला. वजन पहिल्या सहा महिन्यांत आणखी दहा टक्के घटलं तरी ते बऱ्याच जणांचं घटतं आणि मग स्थिरावतं. रक्तातलं लोह आणि बी-१२ वर्षातून एकदा तपासून घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुन्हा घास अडकू लागला की घरात रडारड सुरू होते, कॅन्सर परत आला म्हणून. एक आजोबा असेच महिनाभर गप्प राहिले, मुलांना सांगितलंच नाही, नुसत्या चहावर होते. एंडोस्कोपी केली तर जोड आक्रसला होता, बाकी काही नव्हतं. फुग्याने ताणायला पंधरा मिनिटं लागली, संध्याकाळी खिचडी खाल्ली. काहींना असं चार-पाच वेळा ताणून घ्यावं लागतं. अडकलं की लगेच या. ताप, मानेच्या जखमेतून पू, दम लागणं, पोटातली नळी निसटणं, यांपैकी काहीही झालं तरी त्याच दिवशी. निसटलेल्या नळीचं भोक काही तासांत बुजू लागतं, सकाळची वाट पाहू नका.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का ते पाहा. तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन दाखल होण्याआधी भेटा, नंतर नव्हे.

आता भाकरी. खाता येईल, बाबांना सांगा. साधारण तिसऱ्या महिन्यात, जोड नीट भरल्याची खात्री झाल्यावर. आधी ताजी, कडा काढलेली, दुधात किंवा आमटीत कुस्करून. पाव भाकरीपासून सुरुवात, प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावून. म्हणून दातांचं आधी लिहिलं. काढावे लागले तर कवळी तोवर बसवून घ्या. ऑपरेशनआधी दोन भाकऱ्या खाणारा माणूस वर्षाच्या शेवटी एका वेळी अर्धी खातो, आणि दोन तासांनी उरलेली अर्धी. माझ्या एका रुग्णाने शेतात न्यायच्या फडक्यात चार वेगळ्या पुरचुंड्या बांधायला सुरुवात केली, प्रत्येक बांधाला एक. पाचव्या वर्षीच्या तपासणीला आले तेव्हा माझ्यासाठीही एक आणली होती, ठेच्यासकट. ठेचा मात्र त्यांनी पहिलं वर्षभर खाल्ला नव्हता.